युवा शिबिराला मुलीला पाठवताय? रात्रीचं विचारा

पिंपरीहून एका आईने विचारलंय. मुलगी साडेबारा वर्षांची, घराबाहेर एकटी कधी राहिलेली नाही. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पाच दिवसांचं युवा शिबिर मे महिन्यात पाचगणीला आहे. मुलीला जायचंय, तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीलाही यायचंय, पण ती ख्रिस्ती नाही. मुलीच्या बाबांचं म्हणणं, आपण कुठे गेलो होतो कधी शिबिराला, काय अडलं? तर पाठवावं का, आणि पाठवायचं तर आयोजकांना काय काय विचारावं?

सलाम ताई. आमच्या घरात शिबिराला न गेलेलं माणूस सापडणं अवघड, त्यामुळे माझं मत थोडं शिबिराच्या बाजूने झुकलेलं असणार. वडील नेवाश्याकडचे, अमेरिकन मिशनच्या मंडळीतले. आई नगरची, पण एस.पी.जी.वाली, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनच्या मंडळीतली. एकाच जिल्ह्यातले हे दोन कळप आणि एकमेकांच्या उपासनेला जायचं म्हणजे भुवया उंचावायच्या. १९६४च्या मे महिन्यात नगरला दोन्हीकडच्या तरुणांचं एकत्र शिबिर झालं. वडील वळकटी आणि जर्मनची ताटली-पेला घेऊन गेले. अर्धी वर्गणी रोख आणि अर्धी दोन पायल्या बाजरी. आई तिथे गाणी शिकवायला होती. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोन्ही मंडळ्या एका छताखाली आल्या. आमच्या घरात ते ऐक्य पाच वर्षं आधीच, लग्नाने, होऊन गेलं होतं.

मी स्वतः १९७९ साली पहिल्यांदा गेले. १९९८पासून कार्यकर्ती म्हणून जाते, त्यातली अकरा वर्षं शिबिरप्रमुख होते. माझी दोन्ही मुलंही जाऊन आली, एकाच्या बाबतीत मला पस्तावाही झाला. ते पुढे सांगते.

आधी एक गोंधळ दूर करू. व्ही.बी.एस. वेगळं आणि शिबिर वेगळं. व्ही.बी.एस. म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतला शास्त्रवर्ग. मुलं सकाळी मंडळीत जातात, गाणी, गोष्ट, सोनेरी वचन, कागदकाम, सरबत-बिस्किट, आणि दुपारी घरी. त्याची कूळकथा मजेशीर आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हिंडणाऱ्या पोरांसाठी वर्ग काढला, आणि जागा मिळेना म्हणून चक्क बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला. आपल्याकडे ही कल्पना आली ती थेट मंडळीच्या सतरंजीवर. व्ही.बी.एस.ला पाठवताना आईबाप फार विचार करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण मूल रात्री आपल्याच घरात झोपतं.

शिबिराचा सगळा फरक त्या रात्रीत आहे. म्हणून माझं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकते: पाठवा, पण दिवसाचं वेळापत्रक बघून ठरवू नका, रात्रीचं विचारून ठरवा. दिवसाचा कागद सगळ्यांचाच छान असतो. साडेपाचला उठणे, मनन, व्यायाम, न्याहारी, शास्त्राभ्यास, खेळ, टेबल लँड, संध्याकाळची उपासना. गेल्या पंचवीस वर्षांत मी पाहिलेल्या कुठल्याही दोन शिबिरांचे हे कागद एकमेकांवर ठेवले तर फारसा फरक दिसणार नाही. त्या कागदाची शेवटची ओळ असते 'रात्री १०, दिवे बंद', आणि तिथून पुढच्या साडेसात तासांबद्दल तो कागद गप्प असतो.

तर पहिलं विचारायचं, मुली कुठे झोपणार आणि त्यांच्याबरोबर कोण झोपणार. पाचगणीला बहुतेक शिबिरं वसतिगृहाच्या शाळांत किंवा मिशनच्या जुन्या बंगल्यांत होतात, एप्रिल-मेमध्ये या जागा रिकाम्या असतात म्हणून. मुलींचा हॉल आणि मुलांचा हॉल वेगळ्या इमारतीत किंवा निदान वेगळ्या मजल्यावर हवा. मुलींच्या प्रत्येक हॉलमध्ये दोन मोठ्या बायका हव्यात. एक चालणार नाही. दोनचा हा नियम रात्रीपुरताच नाही, पाच दिवस चोवीस तासांचा आहे: कुठलंही मूल कुठल्याही एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड असता कामा नये, मग ते पाळकसाहेब असोत, संगीत शिकवणारा दादा असो, की मी असो. समुपदेशन, वैयक्तिक प्रार्थना, सगळं उघड्या व्हरांड्यात, चार डोळ्यांसमोर. 'आपलीच माणसं आहेत हो' असं उत्तर मिळालं तर समजा की त्यांनी या गोष्टीचा विचारच केलेला नाही. आणि स्वच्छतागृह विसरू नका. जुन्या बंगल्यांत ते मागच्या अंगाला असतं. तिथपर्यंत उजेड आहे का, आणि रात्री जाताना ताईला उठवायची पद्धत आहे का, हे विचारा. आमच्याकडे दोन-दोन तासांचे पहारे असतात आणि पहारेकरी वहीत वेळ घालून सही करतो. पहिल्या वर्षी सगळे हसले होते. 'ताई, मिलिटरी काढलीत काय?' असं एका पोराने विचारलं. तोच आता पहाऱ्यांची यादी करतो.

माणसं किती हवीत? अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा निवासी शिबिरांसाठीचा हिशेब असा: ९ ते १४ वयाच्या दर आठ मुलांमागे एक मोठा, १५ ते १८च्या दर दहांमागे एक. आपल्याकडे असा दंडक कोणी लावत नाही, पण मी तोच धरते, आणि त्यात स्वयंपाकघरातली माणसं मोजत नाही. बरीच शिबिरं सतरा वर्षांच्या मुलाला 'गटप्रमुख दादा' करतात आणि त्याला मोठ्यांत मोजतात. तो मदतनीस म्हणून उत्तम. जबाबदार मोठा म्हणून मोजायचा नाही, कारण कायद्याच्या लेखी तो स्वतःच मूल आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर सांगते. २०१२चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. काही घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे कळलेल्या माणसाचं कर्तव्य आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. 'मंडळीतच मिटवू, साक्ष बिघडेल', म्हणजे लोकांत मंडळीचं नाव जाईल, हे वाक्य मी एकदा एका बैठकीत माझ्या कानाने ऐकलंय, आणि त्या बैठकीतून उठून आलेय. आयोजकांना सरळ विचारा की तक्रार आली तर तुमच्याकडे कोण ऐकणार आणि पुढे काय होणार. मुलीला १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर पाठ करून पाठवा, जसा तुमचा मोबाइल नंबर पाठ करून घ्याल तसा.

आता घरची आठवण. तुमची मुलगी पहिल्या रात्री रडेल, हे जवळजवळ धरून चाला. मी रडले होते. १९७९ साली, बारा वर्षांची, चादरीखाली तोंड खुपसून, आवाज येऊ नये म्हणून चादरीचा कोपरा तोंडात धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या मावशींनी माझे डोळे पाहिले. काही विचारलं नाही. सुपात लसूण ओतून सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, 'ऐंशी माणसांची आमटी आहे, एवढा सोलून दे.' बोटांची टोकं चुरचुरायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तासभर मला घर आठवलेलं नाही. मग तांदूळ निवडायला दिला. आठ किलो. मधेच एक मुलगी येऊन शेजारी बसली, तीही निवडायला लागली. ती अजून माझी मैत्रीण आहे, मिरजेला असते.

हा उपाय मी पुढे इतक्यांदा वापरलाय की आमच्या शिबिरात रडक्या मुलांना 'लसूण गट' म्हणतात. रडणाऱ्या मुलाला मोबाइलवर आईचा आवाज ऐकवला की बांध फुटतो. हाताला काम दिलं की चित्त थाऱ्यावर येतं. म्हणून पहिल्या रात्री फोन आला नाही तर घाबरू नका, आणि आला तर 'येऊ का न्यायला?' हे शब्द तोंडातून काढू नका. दुसऱ्या रात्रीही मूल जेवत नसेल, उलट्या होत असतील, तर ती आठवण राहत नाही, आजारपण होतं, आणि मग आयोजकांनीच तुम्हाला फोन करायला हवा.

इथे माझा पस्तावा. धाकटा अकरा वर्षांचा असताना आमच्या ओळखीच्या एका मंडळीने भरवलेल्या शिबिराला गेला. मी त्या वर्षी जाऊ शकले नव्हते. नियम होता, सगळे मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. नियम मला मान्य होता, अजूनही आहे. पण तिसऱ्या दिवशी त्याला १०३ ताप चढला आणि आम्हाला कळवलं पाचव्या दिवशी, बसमधून उतरवताना. 'प्रार्थना केली, गोळी दिली, उतरेल म्हटलं.' कोणती गोळी? आठवत नव्हतं. आयोजक वाईट माणसं नव्हती, पण कोणी कधी कळवायचं हे ठरलेलंच नव्हतं आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने कळवलं असेल. तेव्हापासून आमच्या अर्जावर छापलेलं असतं: ताप १०१च्या वर गेला, दोनदा उलटी झाली, किंवा डोक्याला मार लागला, की तासाभरात घरी फोन. औषधाची वही वेगळी, त्यात मुलाचं नाव, औषध, वेळ, देणाऱ्याची सही. तुमच्या आयोजकांकडे अशी वही असेल तर निम्मी काळजी मिटली. सर्वांत जवळचा दवाखाना कुठे आणि शिबिराच्या जागेवर रात्रभर गाडी उभी असते का, हेही विचारा. १०८ला फोन करता येतोच, पण घाटातून रुग्णवाहिका यायला वेळ लागतो.

पाचगणीबद्दल दोन शब्द. मे महिना असला तरी रात्री हवा गार असते. पातळ स्वेटर द्या. महिन्याच्या मध्यानंतर दुपारी वळीव कोसळतो, आणि टेबल लँडसारख्या उघड्या पठारावर विजा चमकायला लागल्या की खेळ टाकून खाली यायचं असतं, झाडाखाली उभं राहायचं नसतं. आयोजकांतला कोणी दुपारच्या ढगांकडे बघणारा हवा. आग्या मोहोळं या भागात असतात, त्यांच्याजवळ धूर आणि दगड दोन्ही नको. पोहणं, मग ते धोम धरणाचं पाणी असो की वाईचा घाट, सरळ नाही म्हणा. अर्जावरच लिहा: 'माझ्या मुलीला पाण्यात उतरण्याची परवानगी नाही.' मी एकदा एका तळ्याकाठी चाळीस मिनिटं एक मुलगा शोधलाय. त्र्याहत्तर मुलं मोजली होती, परत मोजली तर बहात्तर. पाण्याकडे बघवत नव्हतं. पोरगं बसच्या मागच्या सीटवर गाढ झोपलेलं सापडलं. मी त्याला मिठी मारली की रागावले, आता आठवत नाही, बहुतेक दोन्ही. त्यानंतर आम्ही डोकी मोजणं सोडलं. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देतो, आणि शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून उभं राहायचं. एकटं कोण उरलं ते तत्क्षणी दिसतं.

आता ती रात्र, जिच्याबद्दल मंडळीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही. बहुतेक युवा शिबिरांत शेवटच्या आदल्या रात्री शेकोटी असते. गाणी हळूहळू संथ होतात, पेटी आणि तबला थांबून गिटार एकटीच वाजते, वक्ता विचारतो, 'आज रात्री कोण आपलं जीवन प्रभूला देणार? डोळे मिटा, हात वर करा, पुढे या.' मुलं रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी स्वतः अशा रात्री पुढे गेलेय आणि त्यातलं काही खरं होतं, हेही सांगते. पण माझा धाकटा भाऊ लागोपाठ चार वर्षं पुढे गेला. चौथ्या वर्षी घरी आल्यावर न्हाणीघराच्या दारात उभा राहून मला म्हणाला, 'ताई, मागच्या तीन वेळचं चाललं नाही का गं?' चौदा वर्षांचा होता. त्याला वाटत होतं आपल्यातच काहीतरी खोट आहे, दरवेळी देतो आणि दरवेळी परत येतं. पुढे बरीच वर्षं तो मंडळीत आला नाही.

मी शिबिरप्रमुख झाल्यावर पहिली गोष्ट कुठली बदलली असेल तर ही. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. शिबिरात चार रात्री पाच-सहा तास मिळते. दमलेल्या, घरापासून लांब असलेल्या, मित्रांच्या घोळक्यातल्या पोराने अंधारात घेतलेला निर्णय आपण स्वर्गात नोंदवल्यासारखा वहीत नोंदवतो आणि मंडळीत अहवाल देतो, 'एकोणचाळीस आत्मे.' आमच्याकडे आता शेकोटीला गाणी, नकला, भाजलेले बटाटे, आणि साडेनऊला बिछान्यात. ज्याला काही बोलायचं त्याने सकाळी न्याहारीनंतर, पोट भरल्यावर, उजेडात यावं. येणारे कमी झाले. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मला विचारलंही, 'आत्म्याला घड्याळ लावता काय?' मी म्हटलं, आत्म्याला नाही, वक्त्याला लावते. तुमच्या आयोजकांना विचारा, त्या रात्री काय होतं, किती वाजता संपतं, आणि पुढे न जाणाऱ्या मुलांकडे कसं बघतात. आणि मुलीला जाण्याआधी सांगून ठेवा की हात वर केला तरी चालेल, नाही केला तरी आईबाबा आणि देव दोघेही रागावणार नाहीत.

मैत्रिणीचं यातून आपोआप सुटतं. तिच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः भेटा. 'मुलांचा कॅम्प आहे' एवढं मोघम सांगू नका. हे मंडळीचं शिबिर आहे, रोज प्रार्थना असते, शास्त्र शिकवतात, शेवटी शेकोटीला आवाहन असतं, हे सगळं सांगा, कार्यक्रमाचा कागद त्यांच्या हातात द्या. त्यांनी विचार करून लेखी होकार दिला तर न्या. त्या शेकोटीच्या कार्यक्रमात बसायचं की नाही हे तिच्या घरच्यांनी ठरवावं, आणि नाही म्हणाले तर तिच्याबरोबर थांबायला माणूस आहे का ते बघा. आयोजक याला का-कू करत असतील तर मैत्रिणीला या वर्षी नेऊ नका. तिच्या आईवडिलांचं वाईट झालेलं मन आणि तुमच्या मुलीची तुटलेली मैत्री दोन्ही परवडणारी नाही.

साडेबारा म्हणजे पाळीचं वय. आली असो वा नसो, पॅडची पिशवी द्या, आणि कोणत्या ताईला सांगायचं हे नावानिशी ठरवून द्या. पहिली पाळी शिबिरातच आलेल्या मुली मी पाहिल्यात. पुढे कधी धाकट्याला पाठवाल तर गादी ओली होण्याचं आधी सांगा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत दरवर्षी एक-दोघं असतातच. आधी सांगितलं असेल तर आम्ही पहाटे चारला त्याला हळूच उठवतो, कोणाला पत्ता लागत नाही. न सांगता पाठवलं तर सकाळी सगळ्या हॉलला लागतो, आणि पोरगं जन्मभर शिबिराचं नाव काढत नाही.

बाबांना काय सांगायचं ते मी कसं सांगू? ते म्हणतात ते खरंच आहे, न गेल्याने काही अडत नाही. माझे वडील मात्र ऐंशीव्या वर्षीसुद्धा शिबिरातल्या त्या मित्रांची नावं गावासकट सांगायचे आणि शाळासोबत्यांची विसरायचे. हवं तर बाबांनाच एक दिवस स्वयंपाकघरात मदतीला पाठवा. आयोजकांना भांडी घासणारे हात कायम कमी पडतात, आणि आईबापाला असं यायला हसून हो म्हणतात का, यावरून तुम्हाला बरंच कळेल.

सामानात जुन्या चपला, बॅटरी, नाव लिहिलेला टॉवेल, ओ.आर.एस.च्या दोन पुड्या. पसरणी घाटात निम्मी बस ओकते, म्हणून पुढची सीट आणि सकाळी हलकं खाणं. महागडं काही नको. परत आल्यावर 'काय शिकलीस?' विचारू नका, पाठ केलेलं वचन म्हणून दाखवेल आणि विषय संपेल. शेजारी कोण झोपायचं ते विचारा, मग तासभर ऐकत बसा. पहिला दिवस ती नुसती झोपेल. झोपू द्या. बॅग मात्र तुम्ही त्याच दिवशी उघडा, ओला टॉवेल हमखास तळाशी असतो.